बुरुजावरचा कोळी

बारक्या सिनेमा बघत नाही, निवडतो. आई पूर्वी परातीत तांदूळ पसरून खडे काढायची, तसा हा रिमोट घेऊन बसतो. चित्र पळतं, थांबतं, दोन पावलं मागं येतं, पुन्हा थांबतं. फरक एवढाच की आई खडे टाकून तांदूळ ठेवायची आणि हा तांदूळ टाकून खडे ठेवतो. नायक पडद्याच्या मधोमध इमारतीवरून उडी मारत असतो, आणि आमचे चिरंजीव मागच्या बसचा नंबर वाचत असतात.

"काय बघुलालास रे एवढं?"

"मामा, तिकडं बघ की. डाव्या कोपऱ्यात. तो आकडा."

आकडा मला दिसतो, त्यातलं काही कळत नाही. मग तो सांगतो. ऑगस्ट १९६२ च्या 'अमेझिंग फँटसी' या कॉमिकच्या पंधराव्या अंकात स्टॅन ली आणि स्टीव्ह डिट्को यांनी स्पायडर-मॅन पहिल्यांदा आणला. तेव्हापासून कुठल्याही कोपऱ्यात पंधरा दिसला की बारक्याचे कान उभे राहतात. तो माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा, वय चौदा. शाळेच्या पुस्तकातला पंधराचा पाढा त्याला एवढा प्रिय नाही.

सिनेमात दडवलेल्या या खुणांना ईस्टर एग म्हणतात, हेही मला त्याच्याकडूनच कळलं. शब्द मात्र सिनेमाचा नाही, व्हिडिओ गेमचा आहे. १९८० च्या सुमाराला अटारी कंपनीचा 'अ‍ॅडव्हेंचर' नावाचा खेळ वॉरेन रॉबिनेट नावाच्या तरुणानं बनवला. खेळ कंपनीच्या नावानं विकला जायचा, बनवणाऱ्याचं नाव कुठंही छापायची पद्धत नव्हती. मग त्यानं खेळातच एक गुप्त खोली बांधली. भोवतालच्या रंगात मिसळून गेलेला एक बारीक ठिपका सापडला, तो उचलून योग्य जागी नेला, तरच आत जाता यायचं. आत काय, तर त्याचं नाव. कंपनीला पत्ता लागेपर्यंत गडी नोकरी सोडून गेलेला. खेळणाऱ्या एका पोरानं पत्र लिहून कळवलं तेव्हा कुठं वरच्यांना कळलं. ते काढून टाकावं की राहू द्यावं यावर विचार झाला, आणि तिथलेच स्टीव्ह राइट म्हणाले, राहू दे. ईस्टरला घरोघर अंडी लपवतात आणि पोरं ती हुडकतात, तसंच समजू.

बारक्याला ही गोष्ट गमतीची वाटते. मला ती ऐकताना माझे वडील, आप्पा, आठवले.

आमचं घर बेळगावच्या वडगावात, मंगाईच्या देवळापासून चालत पाच मिनिटांवर. गल्लीत जवळजवळ प्रत्येक घरात माग होता. पहाटे जाग यायची ती धोट्याच्या आवाजानं, आणि शेजारच्या घरात कुणी आजारी आहे हे कळायचं ते आवाज बंद पडल्यावर. आता कितीतरी घरांतून तो आवाज येत नाही, आणि कुणी आजारी आहे असंही कुणी विचारत नाही. आप्पांच्या दोन मागांवर साड्या निघत. सूत व्यापाऱ्याचं, नक्षी व्यापाऱ्याची, साडी गेली की तिच्यावर छाप व्यापाऱ्याचा. आप्पांचं त्यात काय? मजुरी. पण साडी सुरू करताना, कमरेला खोचायच्या आतल्या टोकाला, आप्पा काळ्या सुताचा एकच आडवा धागा टाकत. काठापासून काठापर्यंत, एकच. जांभळ्या नाहीतर गर्द हिरव्या अंगात तो मिसळून जायचा. मी लहानपणी विचारलं तेव्हा म्हणाले, "गालबोट. दृष्ट लागू नये म्हणून." साडी नेसल्यावर तो धागा पोटाशी जाणार. म्हणजे जी नेसणार तिलाच तो दिसला तर दिसणार, आणि तिलाही तो सुताचा दोष वाटणार. एकदा व्यापाऱ्याच्या माणसाला तो दिसला आणि डाग म्हणून त्यानं त्या साडीची मजुरी कापली. आप्पा काही बोलले नाहीत. पुढच्या साडीतही धागा होताच.

तर बारक्याच्या या नादाला मी वेळ घालवणं म्हणत नाही. त्याची आई म्हणते.

एक गोष्ट मात्र मला उशिरा कळली. २००४ साली 'स्पायडर-मॅन २' आला तेव्हा मी तो इथल्याच थेटरात बघितला होता. त्यात पोराला सगळ्याचा वीट येतो. परीक्षा बुडतात, नोकरी जाते, मुलगी दुरावते, आणि एक दिवस तो आपला लाल-निळा पोशाख कचऱ्याच्या डब्यात टाकतो. अरुंद गल्ली, डब्यातून लोंबणारा पोशाख, पाठमोरा निघून जाणारा पोरगा. मला वाईट वाटलं होतं, जरा जास्तच. मी मागावरून उठलो त्याला तेव्हा फार वर्षं झाली नव्हती. दोन मागांतला एक विकला, दुसऱ्यावर गोणपाट टाकलं आणि सकाळी डबा घेऊन उद्यमबागेत एका कारखान्यात कामाला लागलो. वळून बघायचं नाही असं ठरवून निघालो, आणि कोपऱ्यावर जाऊन वळून बघितलंच.

वीस वर्षांनी बारक्यानं तेच दृश्य पडद्यावर थांबवलं आणि शेजारी फोन धरला. फोनवर एक जुनं छापील पान. तीच गल्ली, तोच डबा, तोच पाठमोरा पोरगा. जुलै १९६७, 'अमेझिंग स्पायडर-मॅन'चा पन्नासावा अंक, चित्रकार जॉन रोमिटा. सिनेमावाल्यांनी ते पान जणू उचलून पडद्यावर ठेवलं होतं. मी बारक्याला म्हटलं, अरे, हा अंक आणि मी एकाच वर्षाचे. तो म्हणाला, "मग तुझी किंमतपण वाढली असणार मामा." त्या अंकाची जुनी प्रत म्हणे आता फार महाग जाते.

इथं थोडं थांबून माझं मत सांगून टाकतो, कारण ते सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. असल्या खुणा दोन जातीच्या असतात. १९७८ च्या 'सुपरमॅन'मध्ये एक गंमत आहे. क्लार्क केंटला घाईनं कपडे बदलायचेत. तो टेलिफोनकडे धावतो, आणि बघतो तर खोक्याच्या जागी नुसता अर्धा उघडा फोन. इकडं-तिकडं बघून तो दुसरीकडं पळतो. सुपरमॅन टेलिफोनच्या खोक्यात कपडे बदलतो हे ज्याला माहीत आहे तो हसतो. ती समजूतही खरं तर कॉमिकपेक्षा १९४१ च्या कार्टूनमधून जास्त पसरलेली. ज्याला माहीत नाही त्याचे चार क्षण वाया जातात, बाकी काही बिघडत नाही. कचऱ्याच्या डब्याचं तसं नाही. ते पान मी बघितलेलं नव्हतं, तरी पोटात तुटलंच. ओळख नसताना जे भिडतं आणि ओळख पटल्यावर पुन्हा नव्यानं भिडतं, ते खरं. हल्लीच्या कित्येक सिनेमांत मात्र नुसती लग्नपत्रिका असते. आमचे येथे श्रीकृपेकरून, अमुक अंकातले काका, तमुक अंकातला खलनायक, सहकुटुंब सहपरिवार. प्रत्येक नावाला थेटरात टाळ्या. बारक्या टाळ्या वाजवतो. मी पाणी प्यायला उठतो.

पण एका सिनेमाला मी उठलो नाही.

'स्पायडर-मॅन : अक्रॉस द स्पायडर-व्हर्स' १ जून २०२३ ला आपल्याकडं लागला. चित्रांचा सिनेमा. इंग्रजी धरून दहा भाषांत तो इथं आला, त्यांत मराठी होती आणि कन्नडही होती. हे वाचून मी वर्तमानपत्र खाली ठेवलं. २००७ मध्ये 'स्पायडर-मॅन ३' भोजपुरी बोलायला लागला तेव्हा आम्ही हसलो होतो. आता तो आमच्या दोन्ही भाषा एकाच दिवशी बोलणार होता. या गावात १९५६ च्या राज्यरचनेपासून जे कुणाला जमलं नाही ते. (२००४ साली महाराष्ट्र सीमेचा दावा घेऊन सर्वोच्च न्यायालयात गेला, त्याच वर्षी 'स्पायडर-मॅन २' थेटरात येऊन गेला. दावा अजून चालूच आहे. सिनेमाचा तिसरा भागही कधीचा येऊन गेला.) आम्ही मात्र तो शेवटी हिंदीत बघितला, कारण त्यात एका पात्राचा आवाज शुभमन गिलनं दिलाय आणि बारक्याचं सगळं घर क्रिकेटवेडं.

ते पात्र म्हणजे पवित्र प्रभाकर. मुंबई आणि मॅनहॅटन यांची मोट बांधून केलेल्या 'मुंबटन' नावाच्या शहरातला स्पायडर-मॅन. हाही मूळचा कॉमिकमधलाच. शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि चित्रकार जीवन कांग यांनी २००४ मध्ये 'स्पायडर-मॅन : इंडिया' नावाचे चार अंक काढले. पीटर पार्करचा झाला पवित्र प्रभाकर, मेरी जेनची मीरा जैन, आंट मेची माया काकी आणि अंकल बेनचे भीम काका. पोरगा खेड्यातून शिष्यवृत्तीवर मुंबईत आलेला. त्याला किरणोत्सारी कोळी चावत नाही, एक योगी शक्ती देतो. अंगात कोळ्याचा पोशाख आणि खाली धोतर.

भीम काका हे नाव ऐकून मी एकटाच हसलो. मागावर उभं सूत ज्या रुळावर गुंडाळलेलं असतं त्या बीमला आमच्याकडं सगळे भीमच म्हणतात. भीम भरला, भीम संपला, भीम कधी येणार. कोळ्याच्या पोराला वाढवणारा काका भीम असणं मला अगदी रास्त वाटलं. सूत तिथूनच तर सुटतं. असला विनोद न्यूयॉर्कात कुणी दडवलेला नाही, हे मलाही कळतं. पण खूण ठेवणारा एक असतो आणि सापडणारे अनेक, त्याला इलाज नाही. धोतराबद्दल मात्र माझी तक्रार आहे. कॉमिकमधलं ते फुगीर धोतर घेऊन भिंत चढायची तर सोगा आधी पायात येईल. तालमीतला कुठलाही पोरगा सांगेल, काचा मारल्याशिवाय असली कामं होत नाहीत.

आणि कोळी! इंग्रजीत कोळ्याला जाळं आहे, मराठीत त्याला घरदारही आहे. मुंबई ज्यांची मूळची, ते कोळी. जाळं विणतो तोही कोळी आणि जाळं टाकतो तोही कोळी. मुंबईत स्पायडर-मॅन आणायचा तर मराठी माणसाला पोशाख शिवायचीसुद्धा गरज नव्हती. हा श्लेष त्या मंडळींच्या हाती लागलेला दिसत नाही. मराठीत बोलणाऱ्या प्रतीत कुणी तो साधला असेल तर मी त्याला चहा पाजायला तयार आहे. पवित्र मात्र चहाच्या बाबतीत मोठा हट्टी. कुणी 'चाय टी' म्हटलं की चिडतो, चहाला पुन्हा चहा काय म्हणता, म्हणून.

तर मुंबटन. पडद्यावर ते शहर उघडलं आणि मला काहीतरी झालं. रंग एकदम भडक, सपाट, उन्हात वाळत घातलेल्या नवीन सुतासारखे. काळ्या शाईच्या रेघा जाड-बारीक. सावल्यांच्या जागी बारीक रेघोट्या. हे मी कुठंतरी बघितलंय, कुठंतरी हातात धरलंय, असं वाटत राहिलं. वास आठवत होता, नाव आठवत नव्हतं. घरी आल्यावर बारक्या त्याच्या सवयीप्रमाणं खडे निवडायला बसला आणि वाचता वाचता म्हणाला, "मामा, ते मुंबटन हाय की नाही, ते कुठल्यातरी इंद्रजाल कॉमिक्सवरनं काढलंय म्हणे. सत्तरच्या दशकातल्या. काय असतं ते?"

मी उभाच राहिलो.

आजवर प्रत्येक खुणेचा अर्थ तो मला सांगत आला होता. पहिल्यांदाच त्यानं मला विचारलं होतं, आणि दाखवायला माझ्याकडं एक पान नव्हतं. सगळे अंक कधीच रद्दीत गेलेले. मी हातवारे करून सांगायला लागलो. एवढा आकार. असं मुखपृष्ठ. गल्लीच्या तोंडाशी एकजण अंक भाड्यानं द्यायचा, एका दिवसाला दहा पैसे. दोरीवर अंक लोंबत असत, वाळत घातल्यासारखे. दहा पैशांचा अंक चौघांत वाचायचा. सर्वांत मोठा पोरगा पान उलटणार, त्याचं वाचून झालं की उलटणार, आमचं होवो न होवो. कितीतरी गोष्टींचे मधले तुकडे मी अजून वाचलेले नाहीत.

इंद्रजाल कॉमिक्स टाइम्स ऑफ इंडियानं मार्च १९६४ मध्ये सुरू केलं आणि १९९० मध्ये ते बंद पडलं. इंग्रजी-हिंदीबरोबर मराठीतही निघायचं. ली फॉकचा फँटम आणि मँड्रेक हे त्याचे मुख्य पाहुणे. डिसेंबर १९७६ पासून आबिद सुरतींचा बहादूर आला, आपल्यातला, कुर्त्यातला. त्याची चित्रं गोविंद ब्राह्मणियांची, आणि कित्येक मुखपृष्ठंही त्यांचीच, हे मी पन्नाशीत वाचलं. लहानपणी चित्र कुणीतरी काढलेलं असतं हेच ध्यानात येत नाही. इंद्रजालच्या सुरुवातीच्या काळात टाइम्समध्ये असलेले अनंत पै पुढं १९६७ मध्ये 'अमर चित्र कथा' घेऊन आले. ते मूळचे कारकळचे, म्हणजे आता आमच्याच राज्यातले.

फँटमचं मराठी नाव वेताळ. हे नाव ज्यानं ठेवलं त्याला मी मानतो. आम्हा पोरांना वेताळ काही नवा नव्हता. एक वेताळ शिवेवर होता, शेंदूर फासलेला दगड. रात्री तो गावाभोवती फेरी मारतो म्हणत. दुसरा 'चांदोबा'त होता, विक्रमाच्या पाठीवर. मद्रासच्या शंकर नावाच्या चित्रकारानं काढलेला, लांब केसांचा. आणि तिसरा हा, जांभळ्या कपड्यातला, कवटीची अंगठी घालणारा, ज्याला मरण नाही असं जंगलातल्या माणसांना वाटे. मरण असतंच, फक्त बाप गेला की मुलगा तोच मुखवटा चढवतो. आमच्या डोक्यात हे तिघे एकच होते. शिवेवरचा दगड दिवसा दगड आणि रात्री जांभळा. मुखवट्यातून त्याचे डोळे का दिसत नाहीत, याचंही उत्तर आमच्याकडं होतं. दगडाला बुबुळं कुठं असतात?

तो जांभळा रंगसुद्धा चुकून आलेला. फॉकच्या मनात म्हणे करडा होता. १९३९ मध्ये वर्तमानपत्राच्या रविवारच्या रंगीत पानात तो जांभळा छापला गेला आणि तसाच राहिला. इटलीत तो लाल, स्वीडनमध्ये निळा. हल्कचंही तेच. १९६२ च्या पहिल्या अंकात तो करडा होता, पण करडा रंग पानोपानी एकसारखा येईना, म्हणून दुसऱ्या अंकापासून हिरवा. सुताचा रंग उतरला म्हणून अख्खा भीम परत पाठवणारा व्यापारी मी बघितलाय, त्याला हे सांगायला हवं होतं. २०१८ च्या पहिल्या 'स्पायडर-व्हर्स'मध्ये तर चित्रकारांनी मुद्दाम रंग रेघेच्या बाहेर सरकवले, छपाईचे ठिपके दिसतील असे ठेवले, जुन्या स्वस्त छपाईची आठवण यावी म्हणून. आमच्या अंकांत वेताळाचे ओठ हनुवटीवर छापलेले असायचे ते छापखान्याच्या गरिबीनं. तीच गरिबी आता कोट्यवधी खर्चून संगणकावर विणतात. डाग म्हणून मजुरी कापलेली ती साडी मला पुन्हा आठवली.

पण इंद्रजालची एक गोष्ट सांगितल्यावर बारक्या खरा चमकला. फॉकनं वेताळाचं जंगल कल्पनेनं हिंदुस्थानाच्या जवळपास कुठंतरी ठेवलं होतं. देशाचं नाव बंगालची आठवण देणारं, आणि वेताळाच्या पूर्वजांना मारणाऱ्या चाच्यांच्या टोळीचं नाव सिंग. भारतात छापताना हे कसं चालेल? मग देशाचं झालं डेंकाली आणि सिंगचं सिंगा. म्हणजे आम्ही ज्या डेंकालीच्या जंगलात वाढलो ते आमच्याच देशाचं नाव पुसून ठेवलेलं नाव होतं. वाचणाऱ्याला आपली खूण सापडू नये याची काळजी घेऊन. आणि साठेक वर्षांनी सातासमुद्रापलीकडची माणसं तेच अंक समोर ठेवून, वाचणाऱ्याला आपली खूण सापडावी म्हणून एक शहर रंगवतात. बारक्या म्हणाला, "म्हणजे उलटं ईस्टर एग." मी म्हटलं, होय की.

मला वाटतं, कोपरे बघायची सवय त्याला सिनेमानं लावली आणि मला या गावानं. आमच्याकडं दुकानाची पाटी वाचणं हे एक कौशल्य आहे. मोठी अक्षरं वरची, कन्नड. इंग्रजी मधे कुठंतरी. आणि खाली, कडेला, कधी फोन नंबरच्या शेजारी, बोटभर उंचीची मराठी. काही वर्षांत ती वर जाते, काही वर्षांत खाली येते, कधी रंगाचा एक हात फिरतो आणि जाते. रंग पातळ असला तर पावसाळ्यानंतर खालची अक्षरं परत दिसायला लागतात, पुसट, करडी. लहानपणापासून बाजारातून जाताना माझी नजर आपोआप पाटीच्या खालच्या कडेला जाते. मला कन्नड वाचता येतं, चांगलं येतं. भांडणाचा प्रश्न नाही. कारखान्यातले माझे जिवलग कन्नडच बोलत. पण डोळा जातो. थेटरात मुंबटनच्या गल्ल्या पळत होत्या, तेव्हाही मी पाट्याच वाचत होतो, हे मला घरी आल्यावर लक्षात आलं.

इंद्रजाल या नावातही जाळं आहे, हे मी बारक्याला अजून सांगितलेलं नाही. इंद्राचं जाळं, म्हणजे गारूड. कोळ्याच्या सिनेमात, कोळ्यांच्या शहरात, जाळ्याच्या नावाचं कॉमिक. सापडू दे त्याचं त्याला.

दिवाळी आली. बेळगावात दिवाळी म्हणजे किल्ला. दहा दिवस आधीपासून पोरं येळ्ळूर रोडच्या कडेनं माती आणतात, विटांचे तुकडे, गोणपाट. येळ्ळूरचा राजहंसगड वडगावापासून फार लांब नाही, पण तो कुणी करत नाही. पोरांना रायगड नाहीतर प्रतापगडच लागतो. आमच्या गल्लीचा यंदा रायगड. मी एक गोणपाट दिलं, मागावरचं. बारक्या आणि त्याच्या टोळीनं चिखलात बुडवून ते कड्यावर चढवलं, वर राळं पेरलं. वसुबारसेपर्यंत बोटभर हिरवं उगवलं. सिंहासनावर महाराज, दरवाजावर भालदार, उतारावर मातीचे मावळे, एकाची तलवार मोडलेली.

संध्याकाळी समोरच्या आज्जी पणती घेऊन आल्या. वय ऐंशीच्या पुढं, डोळ्यांत मोतीबिंदू, पण किल्ला बघायला येणार म्हणजे येणार. पोरांकडून एकेक जागा वदवून घेतली. महादरवाजा कुठं, जगदीश्वर कुठं, टकमक कुठं.

"आणि हिरकणीचा बुरूज?"

पोरं एकमेकांकडं बघून खुसखुसली. आज्जींनी वाकून पणती पुढं धरली. कड्याच्या अगदी कडेला, राळ्याच्या गवतात अर्धा दडलेला, हातपाय पसरून भिंतीला चिकटलेला रबराचा दोन इंची स्पायडर-मॅन. लाल-निळा. मला तोवर दिसलाच नव्हता.

"हे कोण रे? हिरकणी हाय व्हय ही?"

"आज्जी, ती उतरली, हा चढूलालाय," बारक्या म्हणाला.

आज्जी निरखून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "घोरपड म्हणा की. तानाजीची. यशवंती. तीबी अशीच चिकटायची."

"आज्जी, ती सिंहगडावर. हा रायगड हाय."

"असंना का. भिंत ती भिंतच." आज्जींनी पणती बुरुजाशी ठेवली आणि गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "पर दोर कुठाय तिचा? दोराबगार मावळं वर कशी येणार?"

बारक्याला यशवंतीची गोष्ट शाळेत झालेली, पण दोराचं काही त्याच्या ध्यानात नव्हतं. त्या रात्री तो माझ्याकडं आला आणि माळ्यावरचा डबा मागितला, ज्यात आप्पांच्या मागाचं किडूकमिडूक आहे. धोटे, मोडक्या फण्या, अर्धवट भरलेल्या कांड्या. मी डबा काढून दिला आणि झोपलो.

सकाळी अभ्यंगाआधी मी बाहेर आलो तेव्हा आज्जींची पणती विझलेली होती. कोळ्याच्या कमरेला काळं सूत बांधलेलं होतं, एकच धागा, आणि त्याचं दुसरं टोक खाली कड्याच्या पायथ्याशी, तलवार मोडलेल्या मावळ्याच्या हातात.